काटाकाटी

बारावीचं गणित, हातून निसटणारे गुण : लेखांक ५

खरेदी केंद्रावर "काटा झाला का?" असं कुणी विचारलं, की धान मोजून झालं का, एवढाच त्याचा अर्थ. भंडारा जिल्ह्यात हे कुणाला सांगावं लागत नाही. पोत्यांच्या त्या रांगा ओसरतात न ओसरतात तोच बारावीचे पेपर येतात आणि वर्गावर्गातून दुसराच काटा ऐकू येतो : "सर, दोन्हीकडचं कॉस काटू का?" दहावीपर्यंत मराठीतून शिकलेलं पोर अकरावीला विज्ञान शाखेत गेलं की पुस्तक इंग्रजी होतं, पण 'काटणं' काही सुटत नाही. सुटूही नये, शब्द चांगला आहे. प्रश्न इतकाच, की काय काटायचं आणि कधी.

हे समीकरण घ्या : साइन २क्ष = कॉस क्ष. ० ते ३६० अंशांमधली सगळी उत्तरं हवी आहेत. डावी बाजू उलगडली की होते २ × साइन क्ष × कॉस क्ष. आता दोन्हीकडे कॉस क्ष दिसतो आणि पेन आपोआप तिरकं फिरतं. उरतं साइन क्ष = १/२, म्हणून क्ष = ३०° आणि १५०°. सूत्र बरोबर, किमती बरोबर, अक्षर देखणं. चार उत्तरांपैकी दोन मात्र गायब.

९०° ठेवून बघा. डावीकडे साइन १८०°, म्हणजे शून्य. उजवीकडे कॉस ९०°, तेही शून्य. समीकरण जुळलं. २७०° चंही तसंच. ही दोन उत्तरं त्या तिरक्या रेघेखाली मेली. काटणं म्हणजे भागणं, आणि आपण ज्याने भागलं तोच कॉस या दोन ठिकाणी शून्य होता.

काट्यावर दोन्ही पारडी रिकामी असली तरी दांडी सरळच राहते. तेवढ्यावरून बाजूला ठेवलेली दोन पोती सारख्या वजनाची आहेत, असं कुणी म्हणेल का? शून्याने गुणलेल्या दोन गोष्टी सारख्या दिसतात त्या अशाच. वजनात काटा मारणारा निदान जाणूनबुजून मारतो. आपली पोरं स्वतःच्याच गुणांचा काटा मारून घेतात.

उपाय एका ओळीचा आहे. काटू नका, सगळं एका बाजूला आणा आणि कॉस क्ष कंसाबाहेर काढा : कॉस क्ष (२ साइन क्ष − १) = ०. आता गुणाकार शून्य, म्हणून दोनपैकी एक तरी शून्य. चारही उत्तरं हाती येतात. या पद्धतीत कॉस क्ष कुठे जात नाही, डोळ्यांसमोर राहतो, म्हणून त्याचा विसर पडत नाही.

मॅट्रिक्सच्या प्रकरणात हाच रोग जास्त बळावतो, कारण तिथे शून्य ओळखू येत नाही. ए × बी = ए × सी दिलं, म्हणून बी = सी, असं बिनधास्त लिहिलं जातं. समजा, ए ची वरची ओळ १, ० आणि खालची ०, ० आहे. या मॅट्रिक्सने डावीकडून गुणलं की समोरच्याची वरची ओळ तशीच राहते आणि खालची पुसली जाते. म्हणजे बी आणि सी यांच्या खालच्या ओळींत काहीही भरा, वरच्या सारख्या असल्या की गुणाकार तोच. ए मध्ये १ आहे, ती शून्य मॅट्रिक्स नाही, तरी ती काटता येत नाही. काटायला तिचा व्यस्त लागतो आणि त्यासाठी डिटर्मिनंट शून्य नसावा लागतो. दहावीत निश्चयक म्हणून शिकलात तोच हा, फक्त नाव बदलून आलेला. सदिशांच्या डॉट गुणाकारातही तेच : दोन्हीकडचा समान सदिश काटता येत नाही, कारण उरलेल्या दोघांची वजाबाकी त्याला लंब असू शकते.

या चुकीला मोठं कूळ आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) एक कोडं आहे. एका संख्येला शून्याने गुणा, त्यात त्याचंच अर्धं मिळवा, तिप्पट करा, शून्याने भागा. ६३ आले, तर संख्या कोणती? त्यांचं उत्तर १४. वरचं शून्य आणि खालचं शून्य एकमेकांना काटतात, असं धरलं की उत्तर नेमकं जुळतं. आजच्या उत्तरपत्रिकेत हे कुणी लिहिलं तर तपासणारा लाल रेघ मारेल. पण भास्कराचार्य हे गणित ग्रहगणितात फार उपयोगी आहे असंही सांगतात, आणि मला वाटतं, त्यांच्या नजरेसमोर ठार शून्य नसून शून्याकडे सरकत जाणारी राशी असावी.

तसं असेल तर काटणं रास्तच आहे. मूळ व्याख्येवरून डेरिव्हेटिव्ह काढताना आपण वरचा-खालचा 'एच' बेधडक काटतो, कारण तिथे एच शून्याजवळ जातो, शून्य होत नाही. गंमत अशी, की जी मुलं समीकरणात नको तिथे काटतात, तीच इथे घाबरून आधी एच = ० ठेवतात आणि ०/० लिहून अडकून बसतात.

बेरजेतला तुकडा काटण्याबद्दल फार लिहीत नाही. क्ष/(क्ष + २) चं इंटिग्रेशन करताना क्ष वर-खाली काटून १/२ लिहिणारे दर वर्षी असतात. तिथे वर २ मिळवा, २ वजा करा. १ − २/(क्ष + २) झालं की पुढचं सरळ आहे.

राज्य मंडळाच्या ८० गुणांच्या पेपरात ३ किंवा ४ गुणांच्या प्रश्नात अशी चूक झाली तर पायऱ्यांचे काही गुण तरी पदरात पडतात. पहिल्या प्रश्नातल्या ८ बहुपर्यायी उपप्रश्नांना प्रत्येकी २ गुण असतात आणि तिथे पायऱ्या कुणी पाहत नाही. त्यातून काटून आलेलं अर्धवट उत्तर पर्यायांमध्ये छापलेलं असलं, की ते दिसताच मुलगा खूश होऊन पुढे जातो.

पुढच्या आठवड्यापर्यंत एक गणित करून ठेवा : टॅन क्ष × साइन क्ष = टॅन क्ष, क्ष ०° पासून ३६०° च्या आत. टॅन काटला तर एकच उत्तर येतं आणि तेच नेमकं चूक आहे. खरी उत्तरं दोन.