हद्द बदलली की पाण्याचा हिशेब बदलतो

कोणत्याही व्यवस्थेचा अभ्यास करायचा तर आधी हद्द आखावी लागते. आत काय धरायचे आणि बाहेर काय सोडायचे, हे अभ्यासक ठरवतो. निसर्गात ती रेघ तयार नसते. समग्राचे ज्ञान अनुभवातून कधीच पुरते मिळत नाही, हा जर्मन तत्त्वज्ञ कांटचा विचार. त्याच्या आधारे अमेरिकी तत्त्वज्ञ सी. वेस्ट चर्चमन यांनी प्रणाली-विचारात असे मांडले, की हद्द ठरवणे हा मुळात मूल्यनिर्णय आहे. त्यांचे स्विस शिष्य वेर्नर उलरिख यांनी १९८३ च्या ग्रंथात असे निर्णय तपासण्यासाठी बारा प्रश्न दिले. लाभ कोणाचा, निर्णय कोणाचा, कोणाचे ज्ञान ग्राह्य आणि झळ सोसूनही ज्यांना आवाज नाही त्यांची बाजू कोण मांडणार, असा त्यांचा रोख आहे. प्रत्येक प्रश्न दोनदा विचारायचा: आज काय आहे आणि काय असायला हवे.

अहिल्यानगर जिल्ह्यात हा हद्दीचा वाद दर दुष्काळात उभा राहतो. जिल्ह्याचा उत्तर भाग गोदावरीकडे उतरतो, तर दक्षिणेचा बराच भाग भीमेकडे. म्हणजे प्रशासनाची हद्द आणि पाण्याची हद्द मुळातच जुळत नाही. भंडारदरा, निळवंडे आणि मुळा ही धरणे गोदावरीच्या उपखोऱ्यात येतात. त्यांच्या खाली मराठवाड्यात पैठणला जायकवाडी धरण आहे. हद्द जिल्ह्याची धरली तर भंडारदऱ्यातले पाणी हा लाभक्षेत्राचा हक्क ठरतो आणि खाली सोडलेले पाणी तोटा. हद्द उपखोऱ्याची धरली तर तेच पाणी टंचाईतला सामायिक वाटा होते. पाणी तेवढेच राहते. बदलतो तो त्याचा अर्थ. तथ्य, मूल्य आणि हद्द यांतले एक हलले की उरलेली दोन्ही हलतात, हे उलरिख यांचे म्हणणे इथे पटते.

महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ च्या कलम १२(६) ने उपखोऱ्याच्या बाजूने कौल दिला. ऑक्टोबरअखेर सर्व जलाशयांतील वापरायोग्य पाण्याची टक्केवारी साधारण सारखी राहावी, असे ते कलम सांगते. काळाचीही हद्द अशी ठरली. पुढे शासनाने नेमलेल्या मेंढेगिरी समितीने जायकवाडीत ६५ टक्के उपयुक्त साठा असेल तर वरून पाणी सोडण्याची गरज नाही, असा निकष सुचवला. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे तत्त्व कायम ठेवले.

याच जिल्ह्यातील हिवरे बाजारने मात्र हद्द गावाच्या शिवाराएवढीच धरली. पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावर ग्रामसभेत पिके ठरवायची. शेतीसाठी बोअर नको, ऊस नको. हे जमले, कारण ठरवणारे आणि झळ सोसणारे एकाच सभेत बसतात. वरचे नाशिक-अहिल्यानगर आणि खालचा मराठवाडा यांची अशी एकत्र सभा नाही, म्हणून तोच प्रश्न न्यायालयात जातो. शिवारात अडवलेल्या पाण्याचा ओढ्याच्या खालच्या गावांवर काय परिणाम होतो, हा प्रश्न हिवरे बाजारलाही विचारता येतो, आणि विचारलाच पाहिजे.

कायद्याच्या त्या कलमातही बाहेर राहिलेले काही आहेच. त्यात मोजले जाते ते जलाशयांत साठलेले पाणी; कालव्याच्या पाझरावर भरणाऱ्या विहिरी आणि उसाच्या रानातले बोअर त्या टक्केवारीत येत नाहीत.