संगणक बंद होत नाही, तेव्हा

पेण परिसरातील हमरापूर-जोह्याच्या गणपती कारखान्यांतील मागणीनोंद असो वा रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतील मालाचा हिशेब, तो संगणकावर ठेवला जात असेल, तर संगणक सुरू होण्याइतकेच तो नीट बंद होणेही महत्त्वाचे असते. कारण पावसाळ्यात वीज गेल्यावर यूपीएसची बॅटरी मोजकी मिनिटेच साथ देते. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळाने वीजपुरवठ्याचा भरवसा किती तकलादू आहे, हे दाखवून दिले.

‘शट डाउन’ची आज्ञा मिळताच विंडोज ही कार्यप्रणाली उघड्या प्रोग्रामांना आवरते घेण्यास सांगते, मग पडद्यामागील सेवा थांबवते आणि अखेरीस वीज तोडण्याचा संकेत मदरबोर्डला देते. हा संकेत ज्या नियमांनुसार दिला जातो, ते ‘एसीपीआय’ मानक इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यापूर्वीच्या बहुतेक संगणकांत अखेरचे बटण माणसालाच दाबावे लागे.

म्हणूनच गाडी नेमकी कुठे अडली, हे आधी पाहावे. पडद्यावर एखाद्या प्रोग्रामचे नाव येऊन थांबले असेल, तर बहुधा जतन न केलेली फाइल कारणीभूत असते; ‘रद्द करा’ निवडून ती जतन करावी. ‘शटिंग डाउन’ हेच शब्द रेंगाळत असतील, तर एखादी सेवा किंवा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटरसारखे उपकरण चालवणारा प्रोग्राम, अडकलेला असू शकतो. अशा वेळी यूएसबी उपकरणे काढून पुन्हा प्रयत्न करावा. मात्र अपडेट चालू असल्याचा संदेश दिसत असेल, तर थांबणेच इष्ट.

पडदा काळा होऊनही पंखा फिरत राहिला, तर ‘फास्ट स्टार्टअप’कडे लक्ष द्यावे. २०१२ च्या विंडोज ८ पासून आलेल्या या सोयीत प्रणालीचा गाभा पूर्ण बंद न होता त्याची स्थिती डिस्कवर साठवली जाते. शिफ्ट कळ दाबून ‘शट डाउन’ निवडल्यास संगणक पूर्ण बंद होतो. तसे केल्यावर दोष नाहीसा होत असेल, तर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधून ही सोय कायमची काढावी आणि मदरबोर्डचे बायोस व ड्रायव्हर अद्ययावत करावेत.

पॉवर बटण चार-पाच सेकंद दाबून धरणे हा अखेरचा उपाय होय, कारण त्यात जतन न केलेले काम जाते आणि लिहिली जात असलेली फाइल बिघडू शकते. तो रोजचा परिपाठ झाला असेल, तर दुरुस्ती पुढच्या पावसाळ्यावर ढकलू नये.