चहा पाण्यात धरायचा का?

गट ऑफिस असो, वजनकाट्याजवळची टपरी असो की शेताचा बांध असो, दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला : ‘चहापाणी झालं का?’ शब्द जोडीचा आहे खरा, पण हल्ली त्यातला चहा तेवढा उरला आणि पाणी मागे पडले. पूर्वी दारी आलेल्या माणसापुढे आधी गूळ-पाणी यायचे. आता तांब्या येईपर्यंत आधण ठेवलेले असते.

यावरून आपल्याकडे दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘चहा म्हणजे उकळलेलं पाणीच की! आठ कप झाले, आता वेगळं पाणी कशाला?’ दुसरा म्हणतो, ‘चहा पाणी देत नाही, उलट अंगातलं काढतो. चार कप प्या नि चारदा उठा.’ दोघेही छातीठोकपणे बोलतात. तेव्हा याबाबतीत प्रत्यक्ष तपासून काय निघाले आहे, ते सभासदांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटते.

दुसऱ्या पक्षाच्या म्हणण्याला आधार आहे, पण तो जुना आणि अपुरा. चहा-कॉफीतल्या कॅफीनने लघवी वाढते हे खरे. १९२८ साली याचा एक प्रयोग झाला होता, तोही अवघ्या तीन माणसांवर. त्यातच असे दिसले होते की रोज पिणाऱ्याचे शरीर कॅफीनला सरावते आणि हा परिणाम ओसरतो. लोकांनी यातला पहिला भाग लक्षात ठेवला आणि दुसरा सोडून दिला. २०११ साली इंग्लंडमध्ये २१ निरोगी पुरुषांवर नीट चाचणी झाली. आपण पितो त्याच जातीच्या काळ्या पत्तीचा चहा एका दिवशी चार किंवा सहा कप, प्रत्येक कप २४० मिलिलिटरचा. दुसऱ्या दिवशी तेवढेच साधे उकळलेले पाणी. रक्त तपासले, २४ तासांची लघवी तपासली. फरक काही आढळला नाही. २०१६ साली ७२ जणांना निरनिराळी पेये पाजून अंगात किती टिकते ते मोजले गेले. त्यातही चहा पाण्याच्या बरोबरीने राहिला, आणि दूध तर पाण्याहूनही जास्त वेळ टिकले.

म्हणजे चहा पाण्यात धरावा. पहिला पक्ष जिंकला. पण थांबा, हिशेब अजून व्हायचा आहे.

इंग्लंडातला तो कप २४० मिलिलिटरचा होता. आपल्या टपरीवरचा कटिंग ६०-७० मिलिलिटरच्या पुढे जात नाही. असे आठ कटिंग घेतले तर पोटात गेले जेमतेम अर्धा लिटर. ‘दिवसभर चहाच चाललाय’ म्हणणाऱ्याच्या खात्यावर प्रत्यक्षात एका मोठ्या तांब्याएवढेही पाणी जमा होत नाही! शिवाय कपाला दोन चमचे साखर धरली तर आठ कपांची ८० ग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलेली वरून घातलेल्या साखरेची मर्यादा, दोन हजार कॅलरी खाणाऱ्या माणसाला, दिवसाला ५० ग्रॅमच्या आत बसते. साखर कारखान्याच्या पत्रिकेने साखर कमी घाला म्हणावे हे काहींना रुचणार नाही. पण सभासद धडधाकट राहिला तरच ऊस लावील, एवढा स्वार्थ आम्हांलाही कळतो.

आणखी एक गोष्ट घरातल्या बायाबापड्यांसाठी. जेवणाबरोबर घेतलेल्या चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही. जेवणाआधी आणि नंतर निदान तासभर चहा नको, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत सांगितले आहे. आपल्याकडे रक्त कमी असलेल्या स्त्रिया घरोघर आहेत आणि भाकरीबरोबर चहा ही कित्येकींची न्याहारी आहे. तेव्हा हे मनावर घ्यावे.

मग दिवसाला पाणी किती प्यावे? ‘आठ पेले’ हा आकडा सगळ्यांच्या तोंडी आहे. १९४५ साली अमेरिकेतील एका सरकारी पोषण मंडळाने दिवसाला अडीच लिटरचा अंदाज दिला होता, आणि त्यातले बरेचसे पाणी अन्नातूनच मिळते असेही तिथेच लिहिले होते. हे पुढचे वाक्य बहुतेक जण विसरले. आमटी, ताक, काकडी, कलिंगड यांतले पाणीही पाणीच. सावलीत बसून काम करणाऱ्याने तहानेप्रमाणे प्यावे, फार मोजत बसू नये. उसाला जशी जमीन, हवा आणि पीक पाहून पाळी देतो, तसेच हे आहे.

पण उन्हातल्या माणसाचा हिशेब वेगळा, आणि आम्ही हा लेख लिहायला घेतला तो त्याच्यासाठी. भर उन्हात कोयता चालवणाऱ्याच्या अंगातून तासाला एक लिटरपर्यंत, कधी त्याहूनही जास्त घाम जातो. तिथे दोन कटिंगची काय कथा?

मध्य अमेरिकेत एल साल्व्हादोर, निकाराग्वा हे उसाचे देश आहेत. २००२ साली सान साल्व्हादोर शहरातल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केले की त्यांच्याकडे मूत्रपिंड निकामी होऊन येणाऱ्या कित्येकांना ना मधुमेह, ना रक्तदाब. बरेचसे पुरुष, शेतात राबणारे, किनारपट्टीच्या उष्ण भागातले. ऊसतोडणी कामगार त्यात ठळकपणे दिसू लागले. सगळी कारणे अजून निर्विवाद ठरलेली नाहीत, पण रोजचे ऊन, कष्ट आणि पाण्याची वाण यांवर मुख्य संशय आहे. २०१४-१५ च्या हंगामात तिथे एक उपाय करून पाहिला : प्रत्येकाच्या पाठीवर पाण्याची पिशवी, फडाबरोबर सरकणारी सावली, ठरलेल्या वेळी विश्रांती आणि हाताला बरा असा कोयता. कामगार पाणी जास्त पिऊ लागले, त्रासाच्या तक्रारी घटल्या. आणि विश्रांती देऊनही माणशी दिवसाची तोड ५.१ टनांवरून वाढत ७.३ टनांपर्यंत गेलेली दिसली. यात कोयत्याचाही वाटा असेल, सगळे श्रेय पाण्याला देता येणार नाही. पण पाणी-सावलीने काम बुडते म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरूर पाहावा.

आपल्या फडात काय चालते? टोळी पहाटे उतरते. शेतमालक हौसेने किटलीभर चहा पाठवतो, चहा झाला म्हणजे कर्तव्य झाले असे समजतो. पाण्याचे कोण बघतो? ‘हाय की तिकडं पाट’, असे उत्तर आम्ही किती वेळा ऐकले आहे! टोळीतल्या बाया तर मुद्दामच पाणी पीत नाहीत, कारण ऊस तुटत गेला की आडोसा उरत नाही. दिवसभर कोरडे राहून आणि लघवी दाबून ठेवून लघवीच्या मार्गाची जळजळ, मुतखडा अशी दुखणी मागे लागतात. चार बांबू आणि जुने ताडपत्रीचे कापड बांधाला लावले तर तेवढ्याने पुष्कळ होते. टोळी मुकादमाची असली तरी फड आपला आहे.

उन्हात कष्ट करणाऱ्याने दर १५ ते २० मिनिटांनी एक पेला पाणी प्यावे, म्हणजे तासाला पाऊण ते एक लिटर, असे अमेरिकेतील कामगारांच्या आरोग्याची संस्था सांगते. तासाला दीड लिटरच्या वर मात्र जाऊ नये, एकदम ढोसणेही घातक. पाच कोयते म्हणजे दहा माणसे, सात तास काम, तर नुसत्या पिण्याला ५० लिटरच्या वर पाणी लागेल. मीठ जेवणातून मिळते. घाम फार जाऊन कुणी गळून गेला तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजावे, भोवळ आली वा बरळू लागला तर सरळ दवाखाना गाठावा. उसाचा रस किंवा बाटलीतले गोड पेय ही पाण्याची जागा घेत नाहीत. हृदयाचे वा मूत्रपिंडाचे दुखणे असलेल्याने किती प्यावे, हे डॉक्टरलाच विचारावे.

आपले आपल्याला ओळखण्याची खूण सोपी आहे. लघवी फिकट पिवळी असली तर ठीक, काकवीच्या रंगाकडे झुकली तर पाणी कमी पडते आहे.

शेवटची सूचना, आणि ही कृपा करून घरातल्या पोरांनाही सांगावी. फडात पाणी नेताना तणनाशकाचा किंवा कीटकनाशकाचा रिकामा कॅन, कितीही वेळा धुतलेला असला तरी, वापरू नये. पाणी नळाचे किंवा टीसीएल टाकलेल्या विहिरीचे घ्यावे, झाकणाचा जार किंवा माठ न तोडलेल्या उसाच्या सावलीला ठेवावा आणि तोड पुढे सरकेल तसा तोही पुढे न्यावा. लांब पडला की कुणी उठून जात नाही.