सुईच्या टोकावरची वीज

एलपीवर सुई टेकते आणि तानपुरा सुरू होतो. गायकाने अजून षड्ज लावलेला नाही. या क्षणी सुई धरणाऱ्या कार्ट्रिजमधून किती वीज निघत असेल? डेनॉनची डीएल-१०३ ही नावाजलेली मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज घ्या. साठच्या दशकात जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी ती घडवली गेली. भरघोस आवाजालासुद्धा ती जेमतेम ०.३ मिलिव्होल्ट देते. नुसता तानपुरा वाजत असताना त्याचाही शंभरावा भाग धरा, म्हणजे ३ मायक्रोव्होल्ट. साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब याच्या ४० लाख पट असतो. आणि एवढ्याशा विजेत जवारीची सगळी झळाळी शाबूत असते! मला तरी हा चमत्कारच वाटतो.

हा सूर हजारपट मोठा करायचं काम फोनो प्रीअँपचं. पण तो सगळे सूर सारखे वाढवत नाही. रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला असतो, नाहीतर खाचा इतक्या रुंद होतील की एका बाजूवर पुरेसं गाणं मावणार नाही. वरचे सूर उलट उचललेले असतात, म्हणजे ते खरखरीत बुडत नाहीत. प्रीअँप हे सगळं पुन्हा उलटं करून मूळ तोल आणतो. १९५४ साली ठरलेल्या आरआयएए प्रमाणानुसार १००० हर्ट्झच्या मानाने १०० हर्ट्झचा सूर साडेचारपट आणि ५० हर्ट्झचा तब्बल सातपट वाढवावा लागतो. आता आपल्या भिंतीतली वीज किती हर्ट्झची? ५० ची. ती डीसी करताना मागे राहणारी लहर १०० ची. म्हणजे घरच्या विजेचा जो कण प्रीअँपच्या तोंडाशी शिरेल, त्यालाच हे यंत्र भरपूर फुगवणार.

हेच ते हमिंग. काळी एकच्या पट्टीत ते तीव्र मध्यम आणि पंचम यांच्या मध्ये कुठेतरी पडतं. तानपुऱ्याशी त्याचं कधीच जुळत नाही, म्हणून ते बारीक असलं तरी कानाला टोचतं.

प्रीअँप बॅटरीवर चालवण्यामागे एवढंच कारण आहे. बॅटरीत शिसं आणि सल्फ्युरिक आम्लाची क्रिया शांतपणे चालू असते. तिथे ट्रान्सफॉर्मर नाही, रेक्टिफायर नाही, सेकंदाला शंभर हेलकावे नाहीत. गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली केलेली ही रचना आज कॉम्प्युटरच्या यूपीएसमध्ये बसलेली असते. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची तीच सीलबंद बॅटरी इथे चालते.

अशा दोन बॅटऱ्या लागतात. एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला जोडायचा. हा मधला सांधा म्हणजे प्रीअँपचा ग्राउंड, आणि उरलेली दोन टोकं म्हणजे अधिक १२ आणि उणे १२. तुमचा प्रीअँप एवढ्या दाबावर चालणारा आहे ना, हे आधी बघा. दोन्ही बॅटऱ्या एकाच कंपनीच्या आणि एकाच वेळी घेतलेल्या हव्यात. जोडी विजोड असली तर कमजोर बॅटरी आधी रिकामी होते आणि तिच्यामुळे दुसरीही वाया जाते. दोन्ही टोकांना बॅटरीलगत फ्यूज हवाच. एवढीशी बॅटरी, पण पान्याने दोन टर्मिनल जोडली गेली तर तार लाल होईल इतका प्रवाह ती सोडते.

प्रीअँप ५० मिलिअँपिअर घेत असेल तर ७ अँपिअर-अवरमध्ये हिशेबाने १४० तास निघतात. निम्म्यावर आली की चार्ज करायची असं ठरवलं तरी ७० तास गाणं झालं! चार्जिंग मात्र ऐकताना नाही. चार्जर तोडणारा स्विच डबल पोल, म्हणजे दोन्ही तारा एकदम तोडणारा घ्यावा. फक्त प्लसची तार तोडली तर मायनसच्या तारेतून भिंतीतली वीज ग्राउंडपर्यंत पोचतेच, आणि मग बॅटरीचा सगळा खटाटोप फुकट. प्रत्येक बॅटरीला वेगळा चार्जर लावावा, आणि दोन्ही चार्जरचे आउटपुट आतून एकमेकांना जोडलेले नसावेत.

निगा थोडीच, पण ती न चुकता करायला हवी. चार्जर काढून काही तासांनी मल्टिमीटर लावा. १२.७ च्या वर आकडा दिसला तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ च्या खाली जाऊ देऊ नका. रिकामी बॅटरी तशीच ठेवली की प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक धरतात, आणि ते मग चार्जरला दाद देत नाहीत. गाणी ऐकणं बंद असलं तरी दर तीन महिन्यांनी तिला चार्ज करा. उष्णता तिची खरी वैरी. विदर्भातल्या मे महिन्यात ती खिडकीशी किंवा गरम अँप्लिफायरच्या डोक्यावर ठेवणं म्हणजे तिचं आयुष्य स्वतःच्या हाताने कमी करणं.

बॅटरी लावूनही हमिंग राहिलं तर निराश होऊ नका. कार्ट्रिजमधली कॉइल आजूबाजूच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्रही पकडते, आणि त्यावर बॅटरीचा काही इलाज नाही. टर्नटेबल अँप्लिफायरपासून हातभर लांब सरकवून बघा, टोनआर्मची ग्राउंड तार घट्ट आहे का तेही बघा. खरं तर हे फुकटचे उपाय आधीच करून बघावेत, आणि मगच बॅटरीवर पैसे खर्च करावेत. दमलेली बॅटरी कचऱ्यात टाकू नका. बॅटरीच्या दुकानात परत द्या, जुन्या शिशाचे तिथे पैसेही मिळतात.