चाहत्याचे चित्र आणि मदतीची हाक

कन्नडमध्ये चाहत्याला ‘अभिमानी’ म्हणतात. डॉ. राजकुमार तर आपल्या प्रेक्षकांना ‘अभिमानी देवरु’ म्हणजे चाहतेरूपी देव असे संबोधीत. मराठीत अभिमानी म्हटले की ताठ मानेचा माणूस डोळ्यांपुढे येतो. खऱ्या चाहत्यात हे दोन्ही अर्थ असावेत. आवडत्या कथेतील पात्राचे चित्र तो स्वतः काढतो आणि आपल्यासारख्याच चार वेड्यांना दाखविल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. यालाच आज ‘फॅन आर्ट’ म्हणतात. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने चित्रकलेत डोके का घालावे, असे आमचे प्राध्यापक विचारतील. परंतु या चित्रांच्या आडून विश्वासाचा मोठा व्यवहार चालतो, आणि तो आमच्याच विषयात मोडतो.

या हौसेचा मोठा बाजार जपानात आहे. टोकियोमध्ये डिसेंबर १९७५ पासून ‘कॉमिकेट’ भरते. चाहत्यांनी स्वखर्चाने छापलेल्या चित्रपुस्तिका तेथे विकल्या जातात आणि मूळ प्रकाशक बहुधा काणाडोळा करतात; चाहता टिकला तर त्यांचेही पुस्तक खपते. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पुस्तकावरील वा चित्रावरील हक्क निर्मात्याच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. म्हणून महादेवाचे चित्र स्वतः काढून विकण्यास कोणाची परवानगी लागत नाही. जपानी ‘नारुतो’चे चित्र विकणे ही मात्र वेगळी गोष्ट. हौसेने काढून मित्रांना दाखविले तर सहसा कोणी हटकत नाही. किंमत लावली की प्रश्न उभा राहतो.

उज्जैनला शिंदेशाहीपासून मराठी घरे आहेत. तेथील नानाखेडा भागात माझे मामा राहतात. माझी मामेबहीण, जिला मी ताई म्हणतो, महाकालाचा शृंगारही रंगविते आणि जपानी पात्रेही. मोबाईलवरच्या तिच्या समूहात कोणी इंदूरचा तर कोणी गुवाहाटीचा. बहुतेकांनी एकमेकांना पाहिलेलेसुद्धा नाही. तरीही त्यांच्यातील एका मुलीच्या वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी हाक आली, तेव्हा ताईने तीनशे रुपयांना एक याप्रमाणे लोकांची व्यक्तिचित्रे काढून दिली आणि आलेली सर्व रक्कम तिकडे पाठविली.

अनोळखी माणसांनी पैसे का द्यावेत? कारण दोन वर्षे त्यांनी त्या मुलीचे चित्र न् चित्र पाहिले होते, तिचा हात सुधारताना पाहिला होता. लेखाशास्त्रात याला गुडविल किंवा नावलौकिक म्हणतात. गंमत अशी की, स्वतः कमावलेला नावलौकिक ताळेबंदात दाखविता येत नाही, विकत घेतलेलाच दाखवितात. या मुलांजवळ तर तेवढी एकच मालमत्ता असते.

आणि तीच चोरीला जाते. पुढे कोणीतरी ताईचे एक चित्र खालची सही कापून स्वतःचे म्हणून लावले, त्याला आजारी आईची कहाणी जोडली आणि खाली आपला क्यूआर कोड दिला. काहींनी पैसे पाठविलेही. ही लबाडी उघडी पडल्यावर समूहात आलेल्या खऱ्या हाकांनाही उत्तरे येईनाशी झाली. नुकसान खरे झाले ते हे.

रसिकांच्या प्रेमावर निधी उभारणे आपल्याला नवे नाही. ८ जुलै १९२१ रोजी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ केले ते टिळक स्वराज्य फंडासाठी. (केशवरावांच्या ‘ललितकलादर्श’ची स्थापना १९०८ साली हुबळीची, हे आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांना आवडावे.) परंतु तेथे नट समोर उभे होते. जून २०२० मध्ये कोरियातील ‘बीटीएस’ या गायकवृंदाने अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चळवळीला दहा लाख डॉलर दिले, तेव्हा जगभरच्या चाहत्यांनी सुमारे एका दिवसात तेवढीच रक्कम जमविली. तीही नोंदणीकृत संस्थांच्या खात्यांत गेली. एकट्यादुकट्याच्या हाकेला असा आधार नसतो.

म्हणून थोडी चौकशी करावी. गूगल लेन्सवर टाकले की चित्र पूर्वी कोठे प्रसिद्ध झाले होते ते पुष्कळदा सापडते. यूपीआयने पैसे धाडण्यापूर्वी पडद्यावर खातेदाराचे नाव येते, ते वाचावे. पैसे मिळण्यासाठी पिन कधीच द्यावा लागत नाही. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत पसार होते. मदत घेणाऱ्यानेही हिशेब ठेवावा, कारण नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात ५०,००० रुपयांपेक्षा अधिक भेट मिळाली, तर ती सर्व रक्कम करपात्र उत्पन्नात धरतात. हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

ताईच्या समूहाने आता आपले नियम केले आहेत. हाक देणाऱ्याशी दोन जुन्या सभासदांनी फोनवर बोलायचे, पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात भरायचे, पावती सर्वांना दाखवायची. चित्र लावताना पेन्सिलीचा कच्चा आराखडाही सोबत द्यायचा, म्हणजे मालक कोण याचा वाद नको. मामी म्हणतात, एवढे नियम तर आमच्या भिशीलाही नाहीत.