मुरुडचे कागद

मुरुडच्या पुळणीवरून पद्मदुर्ग दिसतो, राजपुरीच्या धक्क्यावरून जंजिरा. किल्ले जागच्या जागी आहेत, त्यांचे कागद मात्र पुणे, मुंबई आणि थेट लंडनपर्यंत पांगलेले.

ते छापून लोकांपुढे येऊ लागले त्याची सुरुवात 1883 पासून धरायला हरकत नाही. त्या वर्षी मुंबई सरकारच्या गॅझेटियरचा अकरावा खंड निघाला, कुलाबा आणि जंजिऱ्याचा. जंजिऱ्याच्या सिद्दी नबाबांचं संस्थान तेव्हा नांदतं होतं. राजपुरीजवळच्या खोकरीच्या घुमटांची, म्हणजे सिद्द्यांच्या कबरींची, नोंद या खंडात आहे. सिद्दी खैरियतखान 1696 मध्ये गेला, याकूतखान 1706 मध्ये. पुढच्या कितीतरी लेखकांनी या खंडावरच गुजराण केली.

मग मराठी कागद बाहेर येऊ लागले. द. ब. पारसनीसांनी 1900 मध्ये पेशव्यांचे गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांचं चरित्र पत्रव्यवहारासह छापलं. जंजिऱ्याच्या सिद्दी सातने 1727 मध्ये स्वामींचं परशुराम क्षेत्र लुटलं, त्याचा सल स्वामींच्या पत्रांत सापडतो. असे कागद शोधून छापण्यासाठी 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. गो. स. सरदेसायांनी पेशवे दफ्तराचे मोडी रुमाल सोडवून 1930 ते 1934 या काळात 45 खंड काढले. त्यातला तिसरा अख्खा खंड शाहू छत्रपतींच्या जंजिरा मोहिमेचा आहे.

मला विचाराल तर या सगळ्यात शिवाजी महाराजांचं जानेवारी 1675 चं पत्र वरचढ. प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याने पद्मदुर्गाच्या कामी गुंतलेल्या आरमाराला नेमून दिलेला पैसा आणि गल्ला पोचवला नाही. सिद्द्याच्या तोंडावर किल्ला बांधायचा, त्याच्या राजपुरीच्या उरावर आपली दुसरी राजपुरी उभी करायची, आणि आपलाच अधिकारी रसद अडवून बसतो! हबशांनी, म्हणजे सिद्द्यांनी, काही देऊन तुम्हाला आपलं चाकर केलं की काय, असा थेट सवाल महाराज करतात, आणि ब्राह्मण म्हणून गय होणार नाही, हेही बजावतात. पद्मदुर्गाच्या तटावर फिरताना तोफा दिसतात. तिथल्या माणसांना धान्य वेळेवर पोचत नव्हतं, हे या एका कागदामुळे कळतं.

पण हे सगळे कागद सिद्द्यांशी लढणाऱ्यांचे. इंग्रजांच्या वखारीतल्या नोंदीही त्यातल्याच, कारण याकूतखानाने 1689-90 मध्ये मुंबईलाच वेढा घातला होता. खुद्द सिद्द्यांच्या बाजूने बोलतात ते प्रामुख्याने दगड: किल्ल्यावरचे आणि खोकरीचे लेख. अर्धा महाराष्ट्र जंजिरा बघून येतो, पण खोकरीला वाट वाकडी करणारे थोडेच. इतकी वर्षं अजिंक्य राहिलेल्या सत्तेची बाजू आपण तिच्या शत्रूंकडून ऐकत आलो, याचं आपल्याला फारसं काही वाटत नाही.

जानेवारी 1948 मध्ये नानासाहेब पुरोहित, मोहन धारिया यांच्या पुढाकाराने लोकांनी संस्थानातला म्हसळा-श्रीवर्धनकडचा मुलूख ताब्यात घेतला आणि त्याच वर्षी संस्थान विलीन झालं. त्याला आता पाऊणशे वर्षं होऊन गेली. संस्थानच्या काळापासून घरोघरी पडून असलेल्या सनदा, फाळणीपत्रं, संस्थानी शिक्क्याचे दस्त अशा घरगुती कागदांकडे मात्र वरच्या कुठल्याच खंडाने पाहिलेलं नाही. कोकणातली ओल आणि वाळवी खंडांची वाट पाहत नाहीत. गावातल्या एखाद्या शाळेने किंवा वाचनालयाने नुसते फोटो काढून यादी केली तरी पुरे. मोडी आणि उर्दू वाचणारे नंतर शोधता येतील.