शेवटी वेटरच ना?

जून आला की ठरलेला प्रश्न येतो. बारावीचा निकाल लागलेला असतो, घरातल्या मुलाने किंवा मुलीने हॉटेल मॅनेजमेंटचं नाव काढलेलं असतं, आणि चौकशीला सोबत आलेले काका आवाज खाली आणून विचारतात, ‘सर, एवढी फी भरून शेवटी वेटरच व्हायचं ना?’ हा विषय शिकवणाऱ्या प्रत्येकाने हे ऐकलेलं आहे. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण दर वर्षी तोच प्रश्न त्याच सुरात आला, की थोडं चिडायचा हक्क आम्हालाही असावा.

आधी त्यातलं खरं सांगून टाकतो. हो, ताटं उचलावी लागतात. खोल्या आवराव्या लागतात, बाथरूम घासावी लागते, कांदे तर पोत्याने सोलावे लागतात. तीन वर्षांची बी.एस्सी. असो की आपल्याकडची चार वर्षांची बीएचएमसीटी, एक अख्खं सत्र इंडस्ट्रियल ट्रेनिंगचं असतं. स्वयंपाकघर, सर्व्हिस, हाउसकीपिंग आणि फ्रंट ऑफिस या चारही खात्यांत मुलं राबतात. यातून कुणाची सुटका नाही. मोठ्या हॉटेल कंपन्या ज्यांना पुढे मॅनेजर करायचं म्हणून निवडून घेतात, त्यांचीही सुरुवात फ्लोअरवरच होते.

गफलत पुढे आहे. काका पहिल्या वर्षाचा गणवेश बघतात आणि त्यावरून पुढची तीस वर्षं ठरवून टाकतात. एमबीबीएसचा इंटर्न रात्रभर वॉर्डात सलाइन लावत फिरतो. त्याला कुणी वॉर्डबॉय समजून हळहळत नाही. इथेच का हळहळायचं? कारण उघड आहे. उष्टं उचलणं हे आपल्याकडे कामापेक्षा जातीने आणि प्रतिष्ठेने मोजलं गेलं. ते मोजमाप अजून घरात आहे, फक्त त्याला आता ‘स्कोप नाही’ असं म्हणतात.

मग ही मुलं पुढे करतात काय? किचनमध्ये कॉमी, म्हणजे शिकाऊ शेफ, म्हणून शिरलेला मुलगा डेमी, मग सीडीपी (शेफ द पार्ती), मग सू शेफ अशा पायऱ्या चढतो. सीडीपी झाला, की एका विभागाची माणसं, माल आणि नासाडी यांचा हिशेब त्याच्या गळ्यात पडतो. चव चांगली असून भागत नाही, ताटामागे किती रुपयांचा कच्चा माल गेला ते सांगता यावं लागतं. फ्रंट ऑफिसमध्ये पाहुणे झोपल्यावर नाइट ऑडिट चालतं. दिवसभराचं प्रत्येक बिल ताडून तो दिवस बंद करायचा. हिशेबाची गोडी लागलेली मुलं तिथूनच अकाउंट्सकडे किंवा रेव्हेन्यू मॅनेजमेंटकडे वळतात.

हे रेव्हेन्यूचं काम जरा जवळून बघू, कारण काकांनी ते बहुधा ऐकलेलंच नसतं. समजा, शंभर खोल्यांचं हॉटेल आहे. आज 60 खोल्या 8,000 रुपयांनी विकल्या, तर 4,80,000 रुपये आले. त्याऐवजी 80 खोल्या 6,000 रुपयांनी विकल्या, तरी 4,80,000 रुपयेच येतात. यातलं बरं कुठलं? दुसऱ्या वाटेने गेलं तर वीस खोल्या जास्त आवरायच्या, तेवढी जास्त धुलाई, तेवढे जास्त नाश्ते. पण त्या वीस खोल्यांतले लोक संध्याकाळी रेस्टॉरंटमध्ये बसतील, बिलं वाढतील. उलट, एकदा 6,000 दिलेला पाहुणा पुढच्या वेळी 8,000 द्यायला तयार होणार नाही. शिवाय परवा शहरात मोठं लग्न आहे, त्या दिवसाच्या खोल्या आत्ताच स्वस्तात सोडायच्या का? आज रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही, त्यामुळे हे निर्णय रोज आणि वेळेत घ्यावे लागतात. ते घेणारा माणूस काही वर्षांपूर्वी कुठल्या तरी रिसेप्शनवर उभा राहून चाव्या देत होता. त्या अनुभवाशिवाय त्याचे आकडे कोरडेच राहिले असते.

हाउसकीपिंगला तर सगळेच नाक मुरडतात. त्याच शंभर खोल्यांत दीडशे पलंग धरा. पलंगाला दोन चादरी, म्हणजे एका संचाला 300. एक संच पलंगावर, एक मजल्यावरच्या पँट्रीत, एक लाँड्रीत, एक गोदामात. झाल्या 1,200 चादरी. टॉवेल, उशांचे अभ्रे, पडदे, साफसफाईची रसायनं वेगळीच. या सगळ्याची खरेदी, झीज, चोरी आणि तीन पाळ्यांची माणसं सांभाळणाऱ्या बाईंना एक्झिक्युटिव्ह हाउसकीपर म्हणतात. मोठ्या रुग्णालयांना, आयटी पार्कांना आणि फॅसिलिटी मॅनेजमेंट कंपन्यांना नेमकं हेच काम येणारी माणसं हवी असतात. तिकडे गेलेल्या मुली रविवारी घरी असतात, हे मी मुद्दाम सांगतो.

आता दुसऱ्या बाजूचाही कान धरायला हवा. ‘पदवी मिळताच मॅनेजर’ अशी जाहिरात करणारी काही कॉलेजं काकांपेक्षा जास्त नुकसान करतात. सुरुवातीचा पगार कमी असतो. ब्रेक शिफ्ट असली, की दुपारच्या जेवणाच्या गर्दीला राबायचं, मधले तीन-चार तास लटकायचं आणि पुन्हा रात्री अकरा-बारापर्यंत उभं राहायचं. दिवाळी, गणपती, थर्टी फर्स्ट म्हणजे इतरांची सुट्टी आणि आपली झुंबड. हे आधी न सांगितल्यामुळे बरीच मुलं पहिल्या दोन वर्षांत हॉटेल सोडतात. मात्र हॉटेल सोडलं म्हणजे शिक्षण वाया गेलं, हा आणखी एक गैरसमज. विमानातली केबिन क्रू, फ्लाइट किचन, दवाखान्यांची आणि कारखान्यांची कँटीन, बँका, रिटेल, इव्हेंट, सगळीकडे ही मुलं आहेत. रेल्वेच्या खानपानावर देखरेख करणारे हॉस्पिटॅलिटी मॉनिटर नेमताना आयआरसीटीसी हीच पदवी मागते.

आणि हे शिक्षण मुळात पंचतारांकित चोचल्यांसाठी निघालं, असं वाटत असेल तर दादरच्या आयएचएमचा, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंटचा, इतिहास बघा. देशातलं हे पहिलं केटरिंग कॉलेज 1954 मध्ये सुरू झालं, ते लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने आणि ऑल इंडिया विमेन्स सेंट्रल फूड काउन्सिलच्या वतीने. काळ धान्यटंचाईचा होता. ‘अप्लाइड न्यूट्रिशन’ हे शब्द त्या संस्थेच्या नावात आजही आहेत.

‘मुलींनी यात पडू नये’ हे ऐकवणाऱ्यांना एक निकाल वाचायला देतो : अनुज गर्ग विरुद्ध हॉटेल असोसिएशन ऑफ इंडिया, 2007. दारू दिली जाते अशा ठिकाणी स्त्रियांना आणि 25 वर्षांखालच्या पुरुषांना कामावर ठेवायला मनाई करणारं पंजाब अबकारी कायद्याचं कलम दिल्लीत लागू होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते टिकू दिलं नाही. हॉटेल मॅनेजमेंट शिकून बाविसाव्या वर्षाच्या आसपास बाहेर पडणाऱ्या मुलामुलींचा उल्लेख त्या निकालात आहे. महाराष्ट्रातही 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार स्त्रीची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था असेल, तर रात्री साडेनऊनंतर काम करता येतं. संमती आणि सुरक्षा या दोन्ही अटी आहेत. एखादं हॉटेल त्या पाळत नसेल, तर दोष हॉटेलचा, क्षेत्राचा नव्हे.

‘कमी मार्कांच्या मुलांचा कोर्स’ म्हणणाऱ्यांनी एनसीएचएम जेईई या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेचा पेपर एकदा सोडवून बघावा. त्यात गणित आहे, तर्क आहे, इंग्रजी आहे. ‘आम्ही शाकाहारी, आम्हाला जमणार नाही’ असं असेल, तर अहमदाबाद, भोपाळ आणि जयपूरच्या आयएचएममध्ये 2016 मध्येच शाकाहारी स्वयंपाकाचा पर्याय आला. ‘देशी पदार्थांना बाहेर कोण विचारतं?’ मुंबईत शिकलेल्या फ्लॉइड कार्डोझ यांनी 2011 मध्ये अमेरिकेतली ‘टॉप शेफ मास्टर्स’ स्पर्धा जिंकली आणि अंतिम फेरीत मशरूमचा उपमा वाढला. पण कार्डोझ एखादाच, तेवढ्यावर भिस्त ठेवून प्रवेश घेऊ नका.

टुरिझमच्या मुलांना वेगळंच ऐकावं लागतं : ‘मजा आहे बुवा, फुकटात जग फिरायचं!’ औरंगाबाद, आताच्या छत्रपती संभाजीनगरची साधी सहल आखतानाही अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद, हे विसरलं की चाळीस माणसं बंद दारासमोर उभी राहतात. युरोपात आणखी गंमत. तिथल्या नियमाने बसचालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर 45 मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते आणि दिवसाचं चालवणं साधारणपणे नऊ तासांपलीकडे नेता येत नाही. मागच्या सीटवरून ‘एवढे पैसे भरलेत, अजून एक स्पॉट दाखवा की’ असा आवाज येतो. तो शमवायचा, रात्रीच्या जैन जेवणाचा निरोप हॉटेलला द्यायचा, हरवलेल्या पासपोर्टसाठी दूतावासाला फोन लावायचा, आणि चेहरा हसराच ठेवायचा. आयफेल टॉवर टूर मॅनेजरलाही दिसतो, पण तो तिकिटं मोजत असतो.

क्रूझचं आकर्षण तर विचारू नका. गोव्यात तारवटींची, म्हणजे बोटीवर काम करणाऱ्यांची, परंपरा जुनी, त्यामुळे तिथल्या घरांना बोटीवरचं आयुष्य ठाऊक असतं. आपल्याकडच्या मुलांना ते फक्त रीलमध्ये दिसतं. दुरून डोंगर साजरे! करार साधारण सहा ते नऊ महिन्यांचा, त्यात साप्ताहिक सुट्टी जवळपास नाहीच, आणि करार संपला की पुढचा मिळेपर्यंत पगारही थांबतो. पैसे चांगले साठतात, हे मात्र खरं. जाण्याआधी सीडीसी (खलाशाची अधिकृत नोंदवही) आणि सुरक्षेचं प्राथमिक प्रशिक्षण लागतं. भरती करणाऱ्या एजन्सीकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना हवा, आणि 2016 च्या नियमांनुसार तिला नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घेता येत नाहीत. ‘दोन लाख भरा, जॉइनिंग लेटर घ्या’ म्हणणाऱ्या एजंटाकडे मुलाला घेऊन जाणारे अनेकदा तेच काका असतात, ज्यांना वेटरची लाज वाटते.

प्रवेशाचे दिवस आहेत, तेव्हा पालकांना एकच सांगणं. फीचा पहिला हप्ता भरण्याआधी कॉलेजला दोन गोष्टी लेखी मागा : मागच्या तुकडीचं ट्रेनिंग कुठल्या हॉटेलांत झालं, आणि नोकऱ्या कुठल्या पदावर, किती पगाराने लागल्या. उत्तरादाखल नुसती लोगोंनी भरलेली भिंत दाखवली, तर दुसरं कॉलेज बघा.